अहिराणी शब्दविनोद

नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव हे तालुके आणि धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणीच्या उच्चारांवर व व्याकरणावर बेतलेला बोलीविनोद. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली १८ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनने भारताच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशीला मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले. मराठी, गुजराती आणि हिंदी यांच्या सांध्यावरची ही बोली. त्यामुळे एकाच उच्चाराला दोन-दोन भाषांत अर्थ सापडतो आणि कोटीला आयते रान मिळते.

सर्वांत मोठी खाण भूतकाळाची. मराठी ‘ला’च्या जागी इथे ‘ना’ येतो : पडला तो ‘पडना’, हसला तो ‘हासना’, चालला तो ‘चालना’. हिंदीभाषकाला घडून गेलेली गोष्ट अजून व्हायची आहे असे वाटते. त्यात ‘कथा’ म्हणजे कुठे. ‘कथा चालना रे भो?’ हा वाटेत भेटलेल्याला विचारायचा साधा प्रश्न : कुठे निघालास रे भाऊ? पुण्याकडच्या पाहुण्याला मात्र कुणाची तरी गोष्ट पुढे सरकत नाही, असे वाटते. त्याने ‘कुठली कथा?’ असे विचारले की ओट्यावरची मंडळी मनमुराद हसतात.

दुसरी गंमत ‘ळ’ची. त्याचा ‘य’ होतो : धुळ्याचे ‘धुये’, डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’. माळ आणि आई दोन्ही ‘माय’. ‘मन्हा गया बठना’ म्हणजे माझा गळा बसला. हिंदी ऐकणारा मात्र कोण गेले आणि कुणी बसायचे, यातच अडकतो. हा ‘य’ लेवा बोलीतही आहे, आणि बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेमुळे तो महाराष्ट्रभर पोचला.

नाटक-सिनेमांत खेड्यातली बोली पुष्कळदा बोलणाऱ्याला बावळट ठरवण्यासाठी वापरली गेली. अहिराणी कोटीचे नेमके उलटे आहे. बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात, ऐकणाऱ्याला एकच. हा गावंढळपणा नव्हे, दोन भाषांत वावरणाऱ्याची हुशारी आहे, आणि नोंद करताना हा फरक पुसला जाऊ नये.

मालेगावच्या हिंदी-उर्दूतही शब्दांशी खेळण्याची ही खोड मुरलेली दिसते. शेख नासिर यांच्या ‘मालेगाव के शोले’ (२०००) या विडंबनपटात गब्बरचा रबर आणि बसंतीची बासमती झाली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाने तिथली हौशी चित्रपटनिर्मिती जगापुढे नेली.

सटाण्याच्या सुधीर देवरे यांनी संपादित केलेल्या ‘ढोल’ या नियतकालिकाने अहिराणीला छापील व्यासपीठ दिले. रमेश सूर्यवंशी यांचा अहिराणी-मराठी शब्दकोशही हाताशी आहे. मात्र या कोट्या कानासाठी घडलेल्या आहेत. वाचकाने त्या मोठ्याने वाचाव्यात, आणि जमल्यास बागलाणच्या माणसाकडून म्हणवून घ्याव्यात.