निकाल लागला, खेळ संपला का?

आपल्या जालन्याकडच्या कबड्डीपासून सुरुवात करू. समोरचे सातही गडी बाद झाले की लोण चढतो. जिंकणाऱ्याला दोन जादा गुण मिळतात, आणि त्याच क्षणी हरणाऱ्यांचे सातही गडी पुन्हा उठून मैदानात येतात. कुस्तीत पाठ टेकली की डाव संपला. त्यानंतर पडलेल्याच्या छातीवर कुणी बसून राहत नाही. म्हणजे कुठे थांबायचं हे या खेळांचे नियमच सांगतात. क्रिकेटने मात्र ते जिंकणाऱ्या कर्णधाराच्या विवेकावर सोडलं. डाव घोषित करायचा की नाही, ते त्याने ठरवायचं. म्हणून प्रश्न तिथे उभा राहतो.

डिसेंबर १९४८. तीनच महिन्यांपूर्वी आपला हा भाग निजामी राजवटीतून सुटलेला. तिकडे काठियावाडातली संस्थानं त्याच वर्षी विलीन झालेली. पुण्यात रणजी सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडने २३८ धावा केल्या. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. भांडारकरांनी २०५ केल्या, आणि दोघांची भागीदारी ४५५ ची. ब्रॅडमनचा तेव्हाचा विश्वविक्रम होता नाबाद ४५२. भाऊसाहेबांना हव्या होत्या अवघ्या दहा धावा!

विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाला चिकटू नये, म्हणून त्यांनी हे केलं असं सांगतात. भाऊसाहेब ४४३ वरच राहिले. त्यांना अधिकृत कसोटी सामना कधीच मिळाला नाही.

आता आपण लगेच ठाकूरसाहेबांना दोषी ठरवतो. जरा थांबा. त्यांची बाजू बघा. ५८८ धावांची आघाडी! निकाल कधीच लागलेला. दमलेल्या अकरा माणसांनी आणखी का पळायचं? हा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्राच्या कर्णधाराने आधीच डाव घोषित केला असता, तर तो औदार्यच ठरलं असतं.

पण मला वाटतं, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. निकाल लागणं वेगळं आणि खेळ संपणं वेगळं. सामना ठरलेला होता. चुरस मात्र शिल्लक होती. एक फलंदाज, दहा धावा, आणि त्याला बाद करण्याची पूर्ण मुभा असलेले गोलंदाज. ४५१ वर त्याचा त्रिफळा उडवला असता, तर इतिहासात त्या गोलंदाजाचंही नाव राहिलं असतं की नाही? सामना सोडून काठियावाडने निंबाळकरांची संधी घेतलीच, पण स्वतःचीही घालवली.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. जानेवारी १९५९, कराची. हनीफ मोहम्मदने ब्रॅडमनचा तोच विक्रम मोडला आणि पाचशेवी धाव घेताना तो ४९९ वर धावबाद झाला. बहावलपूरचा संघ १८५ आणि १०८ धावांत गुंडाळला गेला, डावाने हरला. पण मैदान सोडून गेला नाही. म्हणून तर ती धावबाद करण्याची संधी त्यांना मिळाली!

मुलांच्या खेळाला मात्र हा हिशेब लावू नका. २०१६ साली कल्याणच्या एका शालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ केल्या, संघाच्या झाल्या ३ बाद १४६५. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत संपला होता. तिथे चुरस कुठे होती? मुलाचा दोष नाही. त्याला खेळायला सांगितलं, तो खेळला. थांबवण्याचं काम मोठ्यांचं होतं.

तेव्हा खिलाडूवृत्ती हे एकट्या विजेत्याचं कर्तव्य नव्हे. समोरच्याला खेळण्यासारखं काही उरलं नाही, की जिंकणाऱ्याने थांबावं. आणि काही उरलं असेल, तोवर हरणाऱ्याने उभं राहावं. पुण्यात दहा धावा उरल्या होत्या.