आकडा, नाव आणि ओळख : संगणकीय दृष्टी व दृश्य आज्ञालेखन यांमधील संदेशाचा इतिहास

१

कॅमेऱ्यासमोर मनुष्य हात उचलतो आणि त्याच क्षणी खोलीत स्वर उमटतो, अथवा भिंतीवरचे चित्र सरकते, असे प्रयोग आता कलाशाळांतून व प्रयोगशाळांतून सहज पाहावयास मिळतात. त्यांचा इतिहास सामान्यतः दोन स्वतंत्र कथांच्या रूपाने सांगितला जातो. पहिली कथा संगणकाला दृष्टी कशी आली याची. दुसरी कथा दृश्य आज्ञालेखनाची, म्हणजे आज्ञावली ओळीओळीने न लिहिता पडद्यावर चौकोन मांडून व ते रेघांनी जोडून रचण्याच्या पद्धतीची. प्रस्तुत लेखात या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याचा विचार करावयाचा आहे. पाहणारे यंत्र आणि प्रतिसाद देणारे यंत्र यांच्यामध्ये जी तार असते, तिच्यावरून नेमके काय वाहत जाते?

या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेलेले आढळते. प्रथम आकडे वाहत होते. पुढे नावे वाहू लागली. त्यानंतर ‘हा तोच’ असे सांगणारी ओळख वाहू लागली. हा बदल तंत्रज्ञांनी घडविला असला तरी त्याचे स्वरूप भाषिक आहे. हस्तविक्षेप व संभाषण यांचा संबंध अभ्यासणारे आपले विद्यार्थी अशाच यंत्रणांतून मिळालेली सामग्री आता पुराव्यादाखल पुढे ठेवू लागले आहेत. तो पुरावा कोणत्या भाषेत नोंदला गेला, हे जाणल्यावाचून त्याचे मोल ठरविता येणार नाही.

२

दृश्य आज्ञालेखनाचा आरंभ बराच जुना आहे. विल्यम सदरलँड यांनी १९६६ मध्ये एम.आय.टी.ला सादर केलेल्या प्रबंधात आकृती काढून संगणकाला आज्ञा देण्याची रीत दाखविली होती. तथापि ही रीत कलावंतांच्या हाती पडली ती पॅरिसमधील इर्काम या संगीतसंशोधन संस्थेत. तेथे मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात ‘मॅक्स’ ही प्रणाली रचली. संगणकसंगीताचे प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून तिला हे नाव देण्यात आले. फिलिप मानूरी यांच्या ‘प्लुटॉन’ (१९८८) या पियानोरचनेसाठी तिचा उपयोग झाला. १९९० मध्ये ती बाजारात आली. आणि पुढे पकेट यांनीच १९९० च्या दशकात ‘प्युअर डेटा’ ही तिची मुक्त भगिनी निर्माण केली.

या प्रणालीत प्रत्येक चौकोन एक क्रिया करतो व रेघेवरून पुढच्या चौकोनाला संदेश पाठवितो. संदेशाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यातील पहिला शब्द काय करावयाचे ते सांगतो व उरलेले शब्द कशाने वा कितीने ते सांगतात. अर्थात आज्ञार्थी क्रियापद आणि त्याचा परिवार अशीच ही घडण होय. ‘बँग’ या सर्वांत लहान संदेशात तर परिवारही नसतो. ‘कर’ एवढेच तो म्हणतो. शब्दक्रमालाही येथे अर्थ आहे. एकाच ठिकाणाहून अनेक रेघा निघाल्या असतील, तर मॅक्समध्ये पडद्यावर उजवीकडे असलेल्या चौकोनाला संदेश आधी पोचतो. म्हणून चौकोन नुसता इकडचा तिकडे सरकविला तरी परिणाम बदलू शकतो. प्युअर डेटामध्ये हाच क्रम रेघा ज्या क्रमाने जोडल्या त्यावर अवलंबून असतो, व तो पडद्यावर दिसतही नाही. दृश्य म्हणविणाऱ्या भाषेचे सर्व व्याकरण डोळ्यांना दिसतेच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

३

संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रात कलेच्या बाजूने पहिले मोठे काम मायरन क्रूगर यांचे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी ‘व्हिडिओप्लेस’ या प्रयोगात माणसाची छायाकृती पडद्यावरील आकृतींशी खेळविली. शास्त्राच्या बाजूने १९८१ हे वर्ष महत्त्वाचे मानले पाहिजे. त्या वर्षी हॉर्न व शुंक यांनी, आणि स्वतंत्रपणे लुकास व कानाडे यांनी, प्रतिमेतील प्रत्येक बिंदूची गती अंदाजण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या.

परंतु त्या काळच्या लहान संगणकांना एवढी गणिते वेळेत उरकणे शक्य नव्हते. कॅनडातील कलावंत डेव्हिड रोकबी यांनी सोपा मार्ग धरला. लागोपाठच्या दोन चित्रांची वजाबाकी करावयाची. जेथे फरक उरेल तेथे हालचाल झाली असे समजावयाचे. आणि त्या फरकाच्या प्रमाणात स्वर उमटवावयाचे. १९८६ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये मांडलेली त्यांची ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ ही कृती या विचारावर उभी होती. पुढे याच विचाराची ‘सॉफ्ट व्ही.एन.एस.’ ही आज्ञासामग्री त्यांनी मॅक्ससाठी तयार केली, आणि दृष्टी व रेघांचे जाळे एकाच पडद्यावर आले.

वजाबाकीची ही पद्धत ‘किती’ व ‘कोठे’ एवढेच सांगू शकते. ‘कोण’ हा प्रश्न तिच्यापुढे उभाच राहत नाही. हात हलला काय, पदर हलला काय, किंवा दिव्याचा प्रकाश कमीअधिक झाला काय, तिच्या लेखी सारे सारखेच.

४

या आरंभीच्या काळात दृष्टीचे यंत्र व ध्वनीचे यंत्र वेगवेगळे असल्यास त्यांना जोडण्याचे साधन मुख्यतः एकच होते, ते म्हणजे वाद्यनिर्मात्यांनी १९८३ मध्ये रूढ केलेला ‘मिडी’ संकेत. अॅम्स्टरडॅमच्या स्टाईम या संस्थेची ‘बिगआय’ ही आज्ञावली कॅमेऱ्यातील हालचालीचे रूपांतर याच संकेतात करीत असे.

मिडी हा संकेत पेटीच्या पट्ट्यांसाठी जन्मला होता. त्यात नियंत्रणाची किंमत ० ते १२७ एवढीच असू शकते. ३२० बिंदू रुंदीच्या चित्रात हाताची जागा या संकेतात सांगावयाची तर अडीच बिंदूंची एक पायरी पडते, व बारीक हालचाल त्या पायरीत बुडून जाते. वेगाचीही मर्यादा होतीच. सेकंदाला ३१,२५० बिट एवढीच या तारेची क्षमता आणि एका नियंत्रण-संदेशाला लागतात ३० बिट. म्हणजे सेकंदाला सुमारे १,०४० संदेश. सेकंदाला २५ चित्रे येत असतील तर प्रत्येक चित्रामागे साधारण ४१ आकडे, याहून अधिक नाही.

याहून मोठी उणीव भाषेची होती. सातव्या क्रमांकाचे नियंत्रण ६४ झाले, असा संदेश आला तर तो खांद्याविषयी आहे की गुडघ्याविषयी, हे संदेशात कोठेच नसे. तो अर्थ रचनाकाराच्या स्मरणात किंवा त्याच्या वहीत राही. वही हरवली की तारेवर उरत ते निव्वळ आकडे.

५

१९९७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संगीतकेंद्रातून मॅथ्यू राइट व एड्रियन फ्रीड यांनी ‘ओपन साउंड कंट्रोल’ हा नवा संकेत मांडला. यात प्रत्येक संदेशाच्या आरंभी तिरप्या रेघांनी विभागलेला पत्ता असतो; उदाहरणार्थ, /हात/डावा/उंची. पाठोपाठ दशांशासह अचूक आकडा येतो. ‘/हात/*/उंची’ असा पत्ता लिहिल्यास दोन्ही हातांना एकदम संबोधिता येते. तारेवरून प्रथमच नाम वाहू लागले, आणि नामाबरोबर सामान्यनामाची सोयही आली.

मात्र या संकेताने व्याकरण दिले, कोश दिला नाही. कोणत्या वस्तूला काय म्हणावे हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावयाचे होते. परिणामी एकाचा ‘हात’ दुसऱ्याच्या आज्ञावलीला कळेना. मर्यादित क्षेत्रापुरता हा कोश पुरविण्याचे काम २००५ मध्ये मार्टिन काल्टेनब्रुनर, बोव्हरमान, बेन्सिना व कोस्टान्झा यांनी मांडलेल्या ‘ट्युइओ’ या संकेताने केले. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात ‘रिअॅक्टेबल’ हे वाद्य घडत होते. अर्धपारदर्शक मेजावर खुणा चिकटविलेले ठोकळे ठेवावयाचे, मेजाखालच्या कॅमेऱ्याने त्या खुणा ओळखावयाच्या व त्यानुसार स्वर निर्माण व्हावयाचे, अशी त्याची योजना होती. ट्युइओ समजणारे चौकोन मॅक्स व प्युअर डेटा या दोहोंसाठी तयार झाले.

या संकेतात ठोकळ्याला दोन क्रमांक असतात. एक खुणेचा, म्हणजे जातीचा. दुसरा त्या उपस्थितीचा, म्हणजे व्यक्तीचा. ठोकळा उचलून पुन्हा ठेवला तर जातीचा क्रमांक तोच राहतो, व्यक्तीचा बदलतो. शब्दाचा अर्थ आकृती मानावा की द्रव्य, हा वाजप्यायन व व्याडी यांचा महाभाष्यात नोंदलेला मतभेद विद्यार्थ्यांना परिचित आहे. या तंत्रज्ञांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दोहोंवाचून व्यवहार चालत नाही हे त्यांना कामाच्या ओघात उमगले, आणि त्यांनी दोन्ही ठेवले.

दुसरा विशेष याहून सूक्ष्म आहे. हे संदेश ज्या मार्गाने जातात तो वेगवान असतो. परंतु त्यावर काही संदेश वाटेत गळतात. मिडीत ‘स्वर सुरू’ व ‘स्वर बंद’ अशा घटना कळविल्या जात. ‘बंद’ गळाला तर स्वर अडकून राही. ट्युइओने घटना कळविणे सोडून दिले. मेजावर आता कोण कोण हजर आहे याची संपूर्ण यादी तो पुनःपुन्हा पाठवितो. त्या संदेशाचे इंग्रजी नाव ‘अलाइव्ह’, अर्थात ‘जिवंत’. यादीत क्रमांक नसेल तर ती वस्तू गेली असे समजावयाचे. एक यादी गळाली तरी पुढची चूक दुरुस्त करते. ‘तो आला, तो गेला’ या क्रियापदांऐवजी ‘हे आहेत’ एवढ्या एकाच विधानावर सारा व्यवहार उभा राहिला.

६

खूण चिकटविलेल्या ठोकळ्याचे हे झाले. माणसाच्या अंगावर खूण नसते. बोटे व खुणेवाचूनचे इतर स्पर्श यांना ट्युइओमध्ये जातीचा क्रमांक नाही; व्यक्तीचा तेवढा आहे. तो क्रमांक मागील चित्रातील जागेवरून अनुमानाने पुढे चालविला जातो. मागोवा घेणाऱ्या सर्वच यंत्रणांना हे अनुमान करावे लागते, कारण चित्रात ‘हा तोच’ असे कोठे लिहिलेले नसते. आमच्या वर्गात दोन विद्यार्थिनी कॅमेऱ्यासमोरून एकमेकींना ओलांडून गेल्या, तेव्हा त्यांचे क्रमांक अदलाबदल झाले. आलेखावर दोन्ही रेषा अखंड व सुबक दिसत होत्या. प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसता तर ती चूक सापडली नसती.

नावे जसजशी वाढली तसतसा हा प्रश्न अधिक गंभीर झाला. जेनोव्हा विद्यापीठात आंतोनिओ कामुर्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या ‘आइजवेब’ या दृश्य प्रणालीत ‘चलनाची मात्रा’ व ‘संकोचाचा निर्देशांक’ अशी मापे आहेत. रुडॉल्फ लाबान यांच्या नृत्यविचाराचा आधार घेऊन, हालचालीतून भाव वाचण्याचा हा प्रयत्न होता. संकोच म्हणजे काय? शरीराच्या छायाकृतीने तिच्याभोवतीच्या आयताचा किती भाग व्यापला, त्याचे प्रमाण. माप निर्दोष आहे. परंतु ‘संकोच’ हा शब्द त्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक बोलतो, आणि वाचणारा ते अधिकचेही मापले गेले असे समजतो.

हा धोका रोकबी यांनी स्वतःच्या कृतीतून दाखविला. २००२ च्या ‘टेकन’ या त्यांच्या कृतीत यंत्र प्रेक्षकांची मस्तके टिपून त्यांना ‘बेसावध’, ‘सामील’, ‘भुकेला’ अशी विशेषणे लावीत असे. विशेषणांना आधार काहीच नव्हता. पण ती चेहऱ्याशेजारी दिसली की पाहणाऱ्याला पटू लागत. १९८६ मध्ये ज्याच्या यंत्राला ‘कोण’ विचारता येत नव्हते, त्याच कलावंताने सोळा वर्षांनी नाव देण्याच्या अधिकाराविषयी हा इशारा द्यावा, ही गोष्ट अर्थपूर्ण होय.

आज शरीराचा मागोवा घेणाऱ्या अनेक यंत्रणा १७ बिंदूंची एक यादी वापरतात : नाक, डोळे, कान, खांदे, कोपर, मनगटे, नितंब, गुडघे व घोटे. यादीत मनगट आहे, बोटे नाहीत. नाट्यशास्त्राने एका हाताच्या २४ व जोडहातांच्या १३ मुद्रा सांगितल्या. या यादीच्या दृष्टीने एका हाताच्या त्या चोवीसही मुद्रा म्हणजे एक मनगट. बोटांसाठी वेगळ्या यंत्रणा आहेत, पण त्या निवडाव्या लागतात. आणि निवड करण्यासाठी आधी उणीव दिसावी लागते.

म्हणून हस्तविक्षेपांच्या सामग्रीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आलेखाकडे वळण्यापूर्वी त्यांनी तारेवरचा संदेश उघडून वाचावा. त्यात कोणती नामे आहेत, ती कोणी ठरविली, ‘हा तोच’ हे कशावरून मानले, आणि कोणत्या गोष्टीला नावच नाही, हे लिहून काढावे. बोलींची नोंद करताना कोणते ध्वनी आपल्या लिपीत उतरले नाहीत हे सांगणे आपण कर्तव्य मानतो. या नव्या लिपीलाही तोच नियम लावला पाहिजे.