दाव्यास कारण केव्हा घडले

दिवाणी दाव्याचा कोणताही मसुदा उघडा, शेवटाकडे दोन ठरलेली वाक्यं सापडतील. ‘दाव्यास कारण अमुक तारखेस घडले’ हे पहिलं, आणि त्याखाली ‘सबब दावा मुदतीत आहे’. साताऱ्यात चौतीस वर्षं वकिली करताना ही वाक्यं मी किती वेळा लिहिली त्याला मोजदाद नाही. उमेदवारीच्या पहिल्या आठवड्यातच सिनियरांनी बजावलं होतं, की पक्षकार समोर बसला की आधी तारीख विचारायची, बाकीचं मागाहून.

२०१९ च्या जुलैत एक बाई आल्या. बेचाळीस वर्षांच्या, छत्री मिटून दाराबाहेर ठेवायलाही बिचकत होत्या. नऊ वर्षांच्या असताना नात्यातल्याच एका माणसाने त्यांच्यावर अत्याचार केला होता, आणि तो दोन वर्षं चालू होता. आता मानसोपचाराच्या गोळ्या सुरू होत्या, नोकरी सुटली होती. “त्याची बागायत आहे मॅडम. माझ्या औषधांचा खर्च तरी त्याने द्यावा. आणि एकदा कोर्टात उभं राहून उत्तर द्यावं.”

मी सवयीने हिशेब केला. अज्ञानाला सज्ञान होईपर्यंत मुदत लागू होत नाही, पण अठरा पूर्ण झाल्यावर जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. म्हणजे एकवीस. “ताई, मुदत संपून एकवीस वर्षं झाली.” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “एकविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. मांडवात अक्षता त्यानेच वाटल्या.”

त्यानंतर कित्येक रात्री मी मुदतीच्या कायद्याचा इतिहास वाचत बसले. इतकी वर्षं मी तो कायदा वापरत होते, पण तो आला कुठून हे कधी पाहिलं नव्हतं.

मुदत ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असा माझा समज होता, तो चुकीचा निघाला. याज्ञवल्क्य स्मृतीत आहे, की मालकाच्या डोळ्यांदेखत दुसरा कोणी जमीन वीस वर्षं उपभोगत राहिला आणि मालक बोलला नाही, तर मालकाचा हक्क जातो. जंगम वस्तूंना दहा वर्षं. पण लगेच पुढे अपवाद आहेत, त्यांत गहाण, सीमा, ठेव यांच्याबरोबर बालकाचं धनही येतं. समजून उमजून गप्प बसलेल्याचा हक्क जातो. मूल तसं गप्प बसत नाही, त्याच्याकडे बोलण्याची ताकदच नसते, हे त्या शास्त्रकाराला दिसलं होतं.

इंग्लंडात पहिल्या जेम्सच्या काळात, १६२३ मध्ये, मुदतीचा कायदा झाला. मारहाणीच्या दाव्याला चार वर्षं, बोलून केलेल्या बदनामीला दोन. अज्ञानासाठी सज्ञान होईपर्यंत सवलत होती. राजाच्या सनदेने स्थापन झालेल्या मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या कोर्टांत हाच कायदा चाले. मग १८५९ चा चौदावा कायदा आला आणि त्याने शरीराला झालेल्या इजेच्या भरपाईसाठी अवघं एक वर्ष ठेवलं. जमिनीला बारा वर्षं आणि देहाला एक!

मुदतीच्या विरोधात मी नाही. साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, आजोबांच्या व्यवहाराबद्दल नातवाला कोर्टात खेचणं अन्यायाचंच असतं. मुदतीच्या जोरावर मी कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं आहे. माझा प्रश्न फक्त हा, की मोजायला सुरुवात कुठल्या दिवसापासून करायची.

या प्रश्नाला इंग्लंडात पहिला धक्का बसला तो शेफील्डमधल्या एका पोलाद कारखान्यामुळे. ओतीव पोलाद घासून साफ करणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांत वर्षानुवर्षं धूळ साचत होती. खोकला सुरू होऊन रोगाचं निदान होईपर्यंत दावा लावायची मुदत उलटून गेली होती, कारण कायद्याच्या लेखी इजा झाली ती धूळ फुफ्फुसात बसली तेव्हा. १९६३ च्या सुरुवातीला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी नाइलाजाने कामगारांच्या विरोधात निकाल दिला आणि कायदाच अन्याय्य आहे असं निकालपत्रात स्पष्ट म्हटलं. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. आपल्याला इजा झाली आहे हे माणसाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून मुदत मोजायची. पुढे १९७५ च्या कायद्याने कोर्टाला आणखी एक अधिकार दिला, की योग्य वाटलं तर मुदत बाजूला ठेवून दावा चालवावा.

लहानपणी अत्याचार झालेल्यांना हा नियम लागू व्हायला मात्र आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. अडथळा होता तीन शब्दांचा. ही सवलत ‘निष्काळजीपणा, उपद्रव किंवा कर्तव्यभंग’ यांच्यासाठी होती. डिसेंबर १९९२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक स्त्री आली. दत्तक घरात आपल्यावर अत्याचार झाला आणि आपल्या आजारपणाचा त्याच्याशी संबंध आहे हे मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्यावर, विशीच्या उत्तरार्धात, उमगलं, असं तिचं म्हणणं होतं. न्यायाधीशांनी १९४९ सालचा टकर समितीचा अहवाल आणि संसदेतली जुनी भाषणं काढली आणि ठरवलं, की जाणूनबुजून केलेला हल्ला हा ‘कर्तव्यभंग’ नव्हे. त्याला सरसकट सहा वर्षं, म्हणजे चोविसाव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर कोर्टालाही काही करता येणार नाही. ती स्त्री स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेली. १९९६ मध्ये तिथेही हरली.

यातून काय झालं बघा. नंतरच्या एका खटल्यात मुलीने वडिलांवर अत्याचाराचा आणि आईवर ‘माझं रक्षण केलं नाही’ असा दावा लावला. वडिलांवरचा दावा मुदतबाह्य ठरला, आईवरचा टिकला, कारण आईचा निष्काळजीपणा होता आणि वडिलांचा हेतू. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

ही गाठ सुटली ती लॉटरीच्या एका तिकिटामुळे. लीड्समधला होर नावाचा माणूस बलात्काराच्या प्रयत्नासाठी १९८९ पासून जन्मठेप भोगत होता. २००४ मध्ये तुरुंगातून रजेवर बाहेर आला असताना त्याने तिकीट घेतलं आणि त्याला सत्तर लाख पौंड लागले. जिच्यावर त्याने हल्ला केला होता ती स्त्री तेव्हा प्रौढ होती. दावा लावून वसूल काय करणार म्हणून ती इतकी वर्षं कोर्टात गेली नव्हती. तिने आता दावा लावला. तिच्याबरोबर आणखी चार अपिलं ऐकली गेली, शाळांत आणि संस्थांत लहानपणी अत्याचार सोसलेल्यांची. ३० जानेवारी २००८ रोजी लॉर्ड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ चा निकाल चुकीचा होता असं सांगून तो रद्द ठरवला. त्या खंडपीठात एक स्त्री होती, बॅरोनेस हेल. शेफील्डच्या कामगारांचा नियम तेव्हा कुठे त्या मुलांपर्यंत पोहोचला.

स्कॉटलंडने २०१७ मध्ये बालपणीच्या अत्याचारांसाठी मुदतच काढून टाकली. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये वय तेवीसवरून पंचावन्नवर नेलं आणि जुन्या, मुदत संपलेल्या दाव्यांसाठी काही काळ दार उघडं ठेवलं. हजारो लोक पुढे आले. पेनसिल्व्हेनियात असं दार उघडण्यासाठी राज्यघटना दुरुस्त करायची होती. ठरल्या वेळेत वर्तमानपत्रांत जाहिरात देणं सरकारी खात्याकडून राहून गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत त्या खात्याच्या मंत्रीणबाईंनी राजीनामा दिला, पण दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. सरकारची तारीख चुकली आणि ताटकळले ते लोक.

आणि आपल्याकडे? आपला मुदतीचा कायदाही १९६३ चाच. शेफील्डच्या धुळीने इंग्लंडला जे शिकवलं ते त्याच वर्षीच्या आपल्या कायद्यात देहाच्या इजेसाठी आलं नाही. वस्तूंसाठी मात्र आहे. आर्टिकल ६८ बघा : चोरीला गेलेली वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला प्रथम कळेल तेव्हापासून तीन वर्षं. फसवून सही घेतलेला दस्त रद्द करायचा असेल तर फसवणूक कळल्यापासून. दिरंगाई माफीचं कलम ५ अपिलाला आणि अर्जाला चालतं, मूळ दाव्याला नाही. आणि कलम ३ प्रमाणे प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने दावा काढूनच टाकायचा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली फौजदारी तक्रारीला वयाची अट नाही असं २०१८ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं, पण तो कायदा २०१२ चा. १९८६ साली नऊ वर्षांच्या असलेल्या माझ्या पक्षकाराला त्याचा उपयोग नव्हता.

त्या बाई ऑगस्टमध्ये पुन्हा आल्या. “टिकणार नाही हे कळलं, तरी दावा लिहून द्या,” म्हणाल्या. मी लिहिला. सगळं त्यांच्याच शब्दांत, अक्षतांपर्यंत. ‘दाव्यास कारण’ इथे आल्यावर तारखेची जागा कोरी सोडली. त्यांनी मसुदा दोनदा वाचला, माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि कोऱ्या जागेत ११ मार्च २०१७ असं लिहिलं.

“या दिवशी काय झालं?” मी विचारलं.

“माझी लेक नऊ वर्षांची झाली. केकच्या वेळी तो तिला मांडीवर घ्यायला पुढे आला.”

दावा दाखल झाला नाही. मसुदा माझ्या कपाटात आहे. त्यांनी लिहिलेल्या तारखेपासून मोजलं, तर त्या दिवशी मुदत संपायला सात महिने बाकी होते.