मोठा स्टुडिओ, छोटा स्टुडिओ आणि साहेबमामांची नजर

तुमसर हे धानाचे गाव. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. इथून तांदूळ बाहेर गेला, मँगनीज बाहेर गेले. चित्रपट मात्र बाहेरून आला. पत्र्याच्या डब्यात बंद झालेली रिळे आगगाडीने यायची, चार दिवस राहायची आणि पुढच्या गावी निघून जायची. भंडारा जिल्हा १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी आपला नकाशा बदलला नाही. त्यांच्या वहीत आमचा मुलूख आजही 'सी.पी.-बेरार'च आहे.

आम्ही या इतिहासाकडे पाहतो ते प्रेक्षकांच्या रांगेतून. या रांगेला स्टुडिओचे फाटक दिसत नाही, किती बिघे जमीन, किती दिवे, किती नोकर हेही दिसत नाही. दिसते ते फक्त पडद्यावरचे चित्र. त्यामुळे एक साधा प्रश्न आम्हाला नेहमी पडत आला आहे. मनात घर करून राहणारे चित्र स्टुडिओच्या मोठेपणातून येते की आणखी कशातून? महाराष्ट्रात मोठे स्टुडिओ झाले, छोटेही झाले. दोहोंचा हिशेब एकत्र मांडला तर उत्तर सापडू शकते.

रंगवलेला पडदा

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान घरात आले की मंडया भरतात. दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. या नाटकांचे खरे वैभव म्हणजे रंगवलेले पडदे. राजवाडा, रस्ता, जंगल. दोरी ओढली की राजवाडा वर जातो आणि जंगल खाली येते. सिनेमा यायच्या आधीच आमच्या डोळ्यांना अशा चित्रांची सवय झाली होती.

मराठी चित्रपटाचा जन्मही याच पडद्यातून झाला, हे इथे सांगितले पाहिजे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्यामुळेच लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. सिनेमाचा कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून तो घरीच घडवायचा खटाटोप त्यांनी केला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी नेट सोडला नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा 'सैरंध्री' १९२० साली आला. आजच्या मापाने पाहिले तर हा एक छोटा कारखानाच होता. सुतार, चित्रकार, लोहार, पहिलवान सगळे एका छपराखाली. जो सकाळी सेट ठोके तो दुपारी दाढी लावून दरबारात उभा राहायचा.

याच कंपनीने १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते, ही त्याची कथा. शेतकऱ्याच्या कामात तरुण शांताराम होते. हा मूकपट आज पाहायला मिळत नाही. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणीत एक चित्र कायम राहिले. अंधूक उजेडातली पडकी झोपडी आणि बाहेर तोंड वर करून रडणारे कुत्रे. चित्रपट मुका होता, पण ते रडणे लोकांना ऐकू आले. यासाठी मोठा सेट लागला नव्हता. कर्जात बुडालेल्या घरावर संध्याकाळ कशी उतरते, हे ठाऊक असलेला माणूस कॅमेऱ्यामागे होता, एवढेच.

साहेबमामा

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक होते शेख फत्तेलाल. जन्म १८८६ चा, कोल्हापूर परिसरातला. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला आणि १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

पुण्याची प्रभात म्हणजे मोठा स्टुडिओ कसा असावा याचा नमुना. स्वतःची प्रयोगशाळा, प्रशस्त चित्रीकरणगृह, चित्रीकरणासाठी खोदलेले तळे, पगारी नट, पगारी तंत्रज्ञ. त्याच काळात मुंबईला चंदुलाल शहांची रणजित होती, मालाडला १९३४ पासून हिमांशु राय यांची बॉम्बे टॉकीज होती. बॉम्बे टॉकीजने जर्मनीहून दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग यांना आणले. प्रभातने मात्र आपल्याच नाटकाच्या पडद्यावर वाढलेल्या माणसांवर भरवसा ठेवला. कलादिग्दर्शनाची मुख्य मदार फत्तेलालांवर होती.

मोठ्या स्टुडिओने काय दिले, हे नाकारून चालणार नाही. त्याने वेळ दिला आणि पुन्हा करून पाहण्याची मुभा दिली. 'अमृतमंथन' (१९३४) मधला राजगुरूचा तो पडदाभर पसरलेला डोळा आठवावा. लांब पल्ल्याचे भिंग लावून शांतारामांनी तो टिपला. धर्माच्या नावावर बळी मागणाऱ्या सत्तेचे एवढे भेदक चित्र त्या आधी कुणी दाखवले नसेल. असे प्रयोग करायला भिंग लागते, दिवे लागतात, वाया जाणारी फिल्म लागते.

पण 'संत तुकाराम'चे (१९३६) काय? दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. स्टुडिओ मोठा होता, पण चित्रे पाहा. शेणाने सारवलेली जमीन, म्हैस, चूल, फाटके घोंगडे. आजारी पोराला घेऊन देवालाच जाब विचारायला निघालेली जिजाई. आणि शेवटी गरुडाचे विमान. तुकोबा आभाळात जातात, जिजाई खाली जमिनीवर राहते. चमत्कार दाखवताना साहेबमामांनी संसार पुसून टाकला नाही. ते विमान नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखेच दिसते, आणि म्हणूनच खेड्यातल्या प्रेक्षकाला ते आपले वाटले.

या चित्रपटाबद्दल बोलताना 'फत्तेलाल मुसलमान असूनही' असे कौतुकाने म्हणण्याची एक रीत पडली आहे. कौतुक करणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही, पण त्या 'असूनही'बद्दल आहे. साहेबमामांनी तुकोबांचे देहू उभे केले ते आपल्याला ठाऊक असलेल्या मुलखातून. त्यांनी पाहिलेली घरे, वाडे, देवळे, दिंड्या ही त्यांचीच होती. कारागिराला ती कुणाकडून उसनी आणावी लागत नाहीत. पुढे 'गोपालकृष्ण' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०), 'संत सखू' (१९४१) आणि प्रभात सरल्यावर 'जगद्गुरु शंकराचार्य' (१९५५) हे चित्रपट त्यांनी याच नजरेने केले. त्यात कुणावर उपकार नव्हते आणि कुणाला पुरावाही द्यायचा नव्हता. ते त्यांचे काम होते.

धरणाचे चित्र

१९४१ साली प्रभातने 'शेजारी' काढला. हिंदीत 'पडोसी'. जिवा आणि मिर्झा हे दोन जुने मित्र. दोघांची बुद्धिबळाची बैठक. गावाजवळ धरण होते, ठेकेदार कंपनीच्या कारवायांनी मैत्रीत फूट पडते आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरूनच पाण्यात जातात. मराठीत जिवा केशवराव दाते यांनी आणि मिर्झा गजानन जहागीरदारांनी केला. हिंदीतही मिर्झा जहागीरदारच होते, पण ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू.

फुटणारे धरण दाखवणे ही मोठ्या स्टुडिओचीच ताकद. छोट्या कारखान्याला ते झेपले नसते. पण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाच्या काळजात रुततात ते फुटलेल्या भिंतीपेक्षा ते दोन हात. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आमच्या तालुक्यातही बावनथडीवर आंतरराज्य प्रकल्प झाला. धरण आले की आधी जमिनीचा दर येतो, मग मोबदला येतो आणि त्यामागून शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला हिशेब येतो. हे प्रभातने आमच्या कितीतरी आधी पाहिले होते.

प्रभात फार काळ टिकली नाही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले आणि परळला वाडियांच्या स्टुडिओच्या जागेत त्यांनी राजकमल उभे केले. दामले १९४५ मध्ये गेले. १९५३ च्या सुमारास कंपनी मिटली आणि १९६० साली त्याच जागेत सरकारची फिल्म संस्था आली. फत्तेलाल १९६४ मध्ये वारले. मोठ्या स्टुडिओची हीच दुबळी बाजू. त्याचा खर्च रोजचा, आणि भागीदार फुटले की भिंतीही विकाव्या लागतात.

आरसे आणि सायकली

त्यानंतर मोठेपण एकेका चित्रपटापुरते उरले. के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'चा (१९६०) शीशमहल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. सेट उभारायलाच दोन वर्षे गेली. आरशांतून दिव्यांचा उजेड उलटून कॅमेऱ्यावर यायचा, तो छायालेखक आर. डी. माथुर यांनी आटोक्यात आणला. छतातल्या प्रत्येक आरशात अनारकली नाचते तेव्हा बादशहाला नजर वळवायला जागा उरत नाही. दरबारातल्या नाचणाऱ्या मुलीने सगळे छत व्यापले, हा त्या चित्राचा अर्थ. आरशांचा खर्च या अर्थासाठी झाला म्हणून तो वाया गेला नाही.

आता दुसरे टोक. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव. यंत्रमागांचे गाव, वस्ती बहुतांशी मुसलमान विणकरांची. शुक्रवारी माग बंद आणि लोक सिनेमाला. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या घरात. मूळ 'शोले' (१९७५) सत्तर एमएमचा, राम येडेकरांनी कर्नाटकात रामनगरला अख्खे गाव वसवले होते. मालेगावात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. कॅमेरा पुढे सरकवायचा तर छायालेखकाला सायकलवर बसवून ढकलायचे, वर न्यायचा तर बैलगाडीचे एक टोक उचलायचे. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सगळे पाहायला मिळते. त्यातला सुपरमॅन शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. तोंडाच्या कर्करोगाने तो २०११ मध्ये गेला.

लोक या चित्रपटांना हसले, आणि ते हसण्यासाठीच होते. पण सायकलवरचा डाकू हा नुसता विनोद नाही. घोडा ज्याच्याकडे कधी नव्हता त्या गावाने आपली ऐपत लपवली नाही, तिलाच चित्र केले. २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांनी मालेगावचे जे चित्र वर्तमानपत्रांत छापून आले, त्याच्या शेजारी हे दुसरे चित्र गावाने स्वतः काढून ठेवले. छोट्या स्टुडिओच्या मर्यादाही उघड आहेत. गावातल्या मुली काम करीत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत. पाहुण्या नटीच्या मार्फत गावातल्या बाईचे चित्र कितीसे खरे येणार? गरिबीने जसे नवे मार्ग शोधले तशी ही एक बाजू कोरीही ठेवली.

तेव्हा हिशेब असा लागतो. मोठा स्टुडिओ वेळ देतो, छोटा स्टुडिओ निकड देतो. चित्र दोन्हींकडे तेव्हाच उभे राहते जेव्हा कारागिराला आपली माणसे ठाऊक असतात. रडणारे कुत्रे, जिजाईची चूल, पाण्यातले दोन हात, छतातले आरसे आणि डाकूची सायकल ही एकाच घराण्यातली चित्रे आहेत.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची हजारो रिळे जळाली. रिळे जळतात, सेट मोडतात, स्टुडिओ विकले जातात. नटांची नावे तरी लोकांच्या ओठांवर राहतात. पडदा रंगवणाऱ्याचे, सेट ठोकणाऱ्याचे नाव पहिल्यांदा पुसले जाते. आमच्या मंडईत अजून पडदे रंगवणारे हात आहेत, त्यांत सगळ्या जातिधर्मांचे लोक आहेत. त्यांची नावे आजच कुणीतरी वहीत उतरून ठेवली पाहिजेत. उद्या कुणी त्यांच्याबद्दलही 'असूनही' म्हणू नये, म्हणून.