'प्रतिभासाधन' आणि काळारामाचा दरवाजा

गोष्ट कशी रचावी हे शिकवणारं मराठीतलं गाजलेलं पुस्तक म्हणजे ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन'. साल १९३१. त्या साली नाशकात काय चाललं होतं ते आपल्या पोरांना सांगायला नको. २ मार्च १९३० पासून काळारामाच्या दरवाजांवर सत्याग्रह बसला होता. बाया-बापे तुरुंगात जात होते, रामनवमीच्या रथापाशी दगडं बरसली होती. बाबासाहेबांच्या मागं इथला सगळा भार दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर. आणि तिकडं मराठी लेखक शिकत होता, की सुरुवात चटकदार कशी करावी, गुंता कसा वाढवावा, उत्कर्षबिंदू कुठं आणावा.

फडक्यांना शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. ते आपण पुष्कळ केलंय. पण तंत्र म्हणजे हत्यार, त्याला जात नसते. घोळ झाला तो पुढं. त्या साच्यातून वर्षानुवर्षं पांढरपेशांची प्रेमप्रकरणं निघाली. तिथं संकट म्हणजे काय, तर एखादा गैरसमज!

आता हाच साचा सत्याग्रहाला लावून बघा. नायक आहे, अडथळा आहे, गुंताही वाढतोय. पुस्तकाच्या हिशेबानं शेवटी दरवाजा उघडायला पाहिजे, नाहीतर नायक तरी पडला पाहिजे. दोन्ही झालं नाही. दरवाजा बंदच राहिला. १९३४ साली बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा नाद सोडायला दादासाहेबांना कळवलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा झाली. गोष्ट नाशकात सुरू झाली, येवल्याला वळली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पोचली. ज्या दरवाजापुढं माणसं पाच वर्षं बसली, त्या दरवाजाचीच गरज संपली. याला उत्कर्षबिंदू म्हणायचं तर कुठला? मला वाटतं येवला. तिथं दरवाजा तसाच आहे, माणूस बदललाय.

आपल्या लोकांना रचना येत नव्हती असंही नाही. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक त्याच दशकात जलसा घेऊन गावोगाव फिरत होते. चौकट तमाशाची, बतावणी आणि वगाची. आत विचार बाबासाहेबांचा. शाळेचं तोंडही धड न पाहिलेले अण्णाभाऊ साठे त्याच वगावर पोसले. 'फकिरा' (१९५९) वाचताना ढोलकी ऐकू येते ती उगाच नाही.

आणि बाबुराव बागूल तर आपल्या विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. गावाबाहेर नोकरीला गेलेला माणूस जात लपवून खोली घेतो. आता कळणार, आता कळणार, असं वाचकाला पानोपानी वाटत राहतं. फडके ज्याला उत्कंठा म्हणतील ती हीच. फक्त ती लेखकानं रचलेली नाही. भाड्यानं खोली मागणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात ती आधीच असते.

नवी पोरं कथा लिहितात आणि शेवटी घोषणा टाकून मोकळी होतात. त्यांनी 'प्रतिभासाधन' मिळालं तर जरूर वाचावं. शेजारी बागुलांचं पुस्तक उघडं ठेवावं. खोली कुठं मिळते, संशय कुठं येतो, मार कुठं बसतो, आणि त्याआधी बागूल किती वेळ गप्प राहतात, ते पेन्सिलीनं खुणा करत बघावं.