तहानलेले लाकूड

दिवाळीच्या आधी घराची रंगरंगोटी निघते, तेव्हा दारे, खिडक्या, टेबले, कपाटे यांच्यावरूनही एकदा हात फिरतो. सागवान असेल तर काम सोपे. पॉलिशचा बोळा फिरवावा, की ते आपले मूळचेच तेज दाखवू लागते. पण पाइनचे, म्हणजे चिडाच्या जातीचे लाकूड पुढ्यात आले की रंगारी जरा कुरकुरतो. आपल्याकडे हे लाकूड विलायती मालाच्या खोक्यांतून पूर्वापार येत आले आणि त्याला सरसकट ‘देवदार’ म्हणण्याची चाल पडली. खरा देवदार हिमालयातला, सुगंधी, देवळांच्या तुळयांना शोभणारा. खोक्याच्या या गरीब नातलगाच्या वाट्याला त्याचे नाव तेवढे आले. या नातलगाची एक खोड आहे. त्याला गडद करण्यासाठी जो पातळ रंग लावतात त्याला ‘स्टेन’ म्हणतात. इंग्रजीत ‘स्टेन’ म्हणजे डागसुद्धा, आणि पाइनवर हा रंग पहिल्यांदा लावणाऱ्याला या दोन अर्थांतला दुसरा अर्थच आधी कळतो!

खोडीचे कारण झाडाच्या वाढीतच आहे. वसंतात ते भराभर वाढते. त्या वेळच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या, पोकळ. उन्हाळा सरत आला की वाढ मंदावते आणि पेशी बारीक, जाड भिंतींच्या, घट्ट होतात. असा एक फिका मऊ पट्टा आणि एक गडद कठीण पट्टा मिळून वर्षाचे एक वलय होते. पातळ रंग लावला की मऊ पट्टा तो घटाघटा पितो आणि कठीण पट्टा ओठसुद्धा ओला करीत नाही. त्यामुळे मूळच्या गडद रेषा फिक्या उरतात आणि फिक्या जागा गडद होतात. जुन्या फोटोची निगेटिव्ह उजेडात धरावी तसे सारे उलटे दिसते. फळीच्या तोंडाशी तंतू आडवे कापलेले असतात. तिथे नळीतून शिरावा तसा रंग आत शिरतो आणि फळी काळीठिक्कर पडते. गाठींपाशी राळ असते, तिथे तो शिरतच नाही. वरून सपाट दिसणाऱ्या जागीही तंतूंची दिशा किंचित फिरली की ढग उतरल्यासारखे डाग उमटतात. एकाच फळीवर असे चार ऋतू!

मग युरोपातल्या लोकांनी या लाकडाचे काय केले? पुष्कळ काळ त्यांनी ते सरळ झाकले. 1666 साली लंडन शहर जळाले. नवे शहर विटांचे उठले, पण जमिनींना आणि आतल्या भिंतींच्या तक्तपोशीला लाकूड हवेच होते. इंग्लंडातला ओक महाग, तेव्हा नॉर्वे आणि बाल्टिक समुद्राकाठचे पाइन जहाजांनी आले. ते आले तेच मुळी रंगाखाली जाण्यासाठी. 1688 साली ऑक्सफर्डला स्टॉकर आणि पार्कर या दोघांचा जपानी पद्धतीच्या रोगणकामावर एक ग्रंथ छापला गेला. त्यात अशा भरड, तहानलेल्या लाकडावर आधी सरस आणि खडूची भुकटी यांचा थर द्यावा, तो घासून गुळगुळीत करावा, आणि मगच रोगण चढवावे, असे सांगितले आहे. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांचा चिकट रस. आपल्या सुतारांचाही तो जुना सोबती. ग्रंथाचा विषय चैनीचा, पण पाइनची सारी विद्या या एका कृतीत आली आहे. लाकडाची तहान आधी दुसऱ्या कशाने तरी भागवावी, आणि मग त्याला रंग दाखवावा.

झाकण्याची हौस हळूहळू कलेला पोहोचली. पाइनवर फिका रंग द्यायचा, तो वाळल्यावर वर तपकिरी लुकण फासायचे, आणि ते ओले आहे तोवर फण्या, पिसे, चिंध्या यांनी त्यात ओकच्या किंवा महोगनीच्या रेषा काढायच्या. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचे माउंट व्हर्नन येथील घर बाहेरून दगडी वाटते. ते पाइनच्या फळ्यांचे आहे. फळ्यांच्या कडा दगडांच्या सांध्यांसारख्या तासून ओल्या रंगावर वाळू फेकलेली आहे. आत शिरल्यावर समोरच्या मोठ्या दालनाच्या तक्तपोशीला 1797 साली महोगनीचे सोंग दिलेले. राष्ट्राच्या संस्थापकाला जे शोभले ते कारकुनाला का शोभू नये? लंडनच्या 1851 सालच्या महाप्रदर्शनात टॉमस केर्शॉ नावाच्या कारागिराने अशा रंगवलेल्या फळ्या मांडून पदक मिळवले. त्याचे काम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे.

याच सुमारास एक आवाज कडाडला. जॉन रस्किनने 1849 साली ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात, एका पदार्थाला दुसऱ्याचे रूप देणे ही लबाडी आहे, असा निकाल दिला. चार्ल्स ईस्टलेकने 1868 साली घरसजावटीवरच्या आपल्या पुस्तकात हीच बाजू उचलून धरली. रस्किनबद्दल मला आदर आहे. गांधीजींच्या ‘सर्वोदया’चे बीज त्याच्याच एका पुस्तकात आहे. तरी या प्रकरणी मी रंगाऱ्याच्या बाजूचा आहे. रस्किनचे वडील शेरी मद्याचे मोठे व्यापारी होते. खऱ्या ओकचे दार परवडेल की नाही, हा प्रश्न त्या घरात कधी पडला नसावा. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पाहुण्यांसमोर दार जरा बरे दिसावे, म्हणून त्यावर रेषा काढून घेणाऱ्या माणसाला लबाड म्हणणे मला जड जाते.

पण या उपदेशाचा एक फायदा झाला. लाकूड न झाकता, त्याच्या रेषा दिसू देऊन, नुसते गडद करावे, या रीतीला प्रतिष्ठा आली. इंग्रजी घरांत मधोमध गालिचा आणि भोवती उघड्या पाइनच्या जमिनीचा पट्टा असे. तो पट्टा गडद रंगवून, सरसाचे पाणी पाजून, वर व्हार्निश देण्याचा प्रघात पडला. रंगासाठी जर्मनीतल्या कासेल-कोलोनकडची कुजट तपकिरी माती वापरीत. तिला एका चित्रकाराच्या नावावरून ‘व्हॅनडाइक ब्राउन’ म्हणत.

इथे पाइनची दुसरी उणीव आड आली. ओकमध्ये टॅनिन नावाचे तुरट द्रव्य भरपूर असते. अमोनियाच्या वाफेत कोंडले की ओक आतूनच तपकिरी होतो, आणि हा रंग वरून लावलेला नसल्यामुळे डागाळत नाही. पाइनमध्ये टॅनिन जवळजवळ नाही. त्याला वाफेत कितीही कोंडा, ते आपले पांढऱ्या तोंडाने बाहेर येते. मग त्याला चहाचा कडक काढा पाजायचा आणि वर लोखंड मुरवलेला सिरका लावायचा, ही युक्ती निघाली. आपल्या आजोबांच्या पिढीने हिरडा आणि हिराकस यांची शाई केली, तिची आणि या रंगाची जात एकच. फळी करडी होते, काळीही होते, पण एकसारखी होईल याची हमी नाही. काढासुद्धा मऊ पट्टाच जास्त पितो.

1856 साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने मलेरियावरचे क्विनाइन कृत्रिम रीतीने करण्याचा खटाटोप मांडला. क्विनाइन राहिले बाजूला, आणि हाती आला जांभळा रंग. डांबरापासून रंग करण्याचा धंदा तिथून सुरू झाला. 1863 साली मँचेस्टरमध्ये मार्टियस या रसायनज्ञाने एक तपकिरी रंग काढला. पुढे त्याला ‘बिस्मार्क ब्राउन’ नाव मिळाले. तो सुतारांच्याही कामी आला. हे रंग पाण्यात, स्पिरिटमध्ये साफ विरघळत, लाकडात खोल जात, रेषा झाकीत नसत. पण जितका रंग खोल जाणारा, तितकी मऊ-कठीण पट्ट्यांतली तफावत अधिक उघडी पडणार. म्हणजे रंग सुधारला आणि डाग वाढले!

उपाय ज्या वस्तूत होता ती आपल्या रानांतून जात होती. लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचा किडा रस शोषून बसतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 सालच्या आपल्या ग्रंथात लाखेवर एक प्रकरण लिहिले. पुढे गोव्यातच काही वर्षे काढलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने, इथले कारागीर चरकावर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंग कसा चढवतात, ते टिपून ठेवले. सावंतवाडीच्या खेळण्यांवर ती रीत आपण आजही पाहतो. युरोपने ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवली. 1820 च्या सुमारास पॅरिसकडून इंग्लंडात आलेले ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणजे हीच आपली चपडा लाख. पाइनच्या गाठींतून राळ पाझरू नये म्हणून त्यांवर फासायचे द्रावणही लाखेचेच. आणि अगदी पातळ केलेल्या लाखेचा एक हात कोऱ्या पाइनवर दिला, की मऊ पट्ट्यांची तोंडे अर्धी मिटतात. तहान पुरती मारायची नाही. मारली तर रंग शिरणारच नाही. अर्धीच भागवायची. मग वरचा रंग सगळीकडे जवळजवळ सारखा बसतो.

इतिहासाचा एक क्रूर विनोद इथे आहे. लाखेच्या किड्यात लाल रंगही असतो, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो कापड रंगवण्यासाठी कलकत्त्याहून विलायतेला जाई. पर्किनच्या मागून आलेल्या कृत्रिम रंगांनी तो व्यापार एकोणिसाव्या शतकातच बसवला. ज्या रसायनशास्त्राने पाइनला नवे रंग दिले, त्यानेच लाखेचा रंग गटारात घातला. लाख धुताना निघणारे लाल पाणी फेकून देऊ लागले, आणि राळ तेवढी मोलाची ठरली. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्याही तिच्याच झाल्या. बालगंधर्वांची पदे घरोघर पोहोचली ती किड्याच्या या कवचावरूनच!

चपडा करण्याची जुनी रीत मात्र वाचतानासुद्धा चटका लावते. लाखेचे दाणे लांब कापडी पिशवीत भरून ती कोळशाच्या निखाऱ्यांसमोर पिळीत. वितळलेली लाख बाहेर आली की तिचा पापुद्रा हातांनी, पायांनी आणि दातांनीसुद्धा ताणून कागदासारखा पातळ करणारा एक माणूस असे. लंडनच्या दिवाणखान्यातल्या टेबलात चेहरा दिसे, तो या दातांच्या जोरावर. रांचीजवळ नामकुम येथे 1924 साली लाखसंशोधनाची संस्था उभी राहिली, यंत्रे आली. पण हातांनी ताणण्याची ही कला त्यानंतरही अनेक वर्षे चालू होती.

1960-70 च्या दशकांत इंग्लंडात उलटा वारा सुटला. जुनी दारे आणि कपाटे कॉस्टिक सोड्याच्या टाक्यांत बुडवून त्यांचा रंग उतरवण्याची लाट आली. उघडे पाइन म्हणजे साधेपणा, खरेपणा! वस्तुतः त्यातले बरेचसे सामान उघडे राहण्यासाठी केलेलेच नव्हते. सुताराने गाठीगाठींच्या फळ्या रंगाच्या भरवशावर लावल्या होत्या. टाकीत रंगाबरोबर सरसही सुटे आणि सांधे खिळखिळे होत. रस्किनचा विजय झाला खरा, पण कपाटाची दारे लोंबू लागली.

आज नवी मुंबईच्या आयकिया दुकानात स्वीडिश पद्धतीची पाइनची कोरी मांडणी मिळते, आणि खोक्यांच्या, पॅलेटच्या फळ्यांचे सामान तर गल्लोगल्ली होते. ते रंगवू पाहणाऱ्याला दुकानदार ‘कंडिशनर’ म्हणून एक डबा देतो. त्याचे काम म्हणजे सरसाच्या पाण्याचेच. लाख वापरायची तर मेण काढलेली घ्यावी, नाहीतर वरची आधुनिक व्हार्निशे नीट धरत नाहीत. ती पातळ करून एक हात द्यावा, वाळल्यावर बारीक काचकागद हलकेच फिरवावा, मग रंग लावून लगेच फडक्याने पुसावा. आधी त्याच झाडाच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहावे. फळीच्या तोंडांना मात्र लाखेचे दोन हात द्यावेत; तिथली तहान एका हाताने भागत नाही.