शर्यतींतून सुटलेला घोडा

विराटपर्वांत नकुल मत्स्यराजाकडे ग्रंथिक या नांवानें अश्वपाल म्हणून राहतो. त्या वेळीं तो आपल्या विद्येचीं जीं अंगें सांगतो, त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे: घोड्यांचा स्वभाव, त्यांचें शिक्षण, दुष्ट घोड्यांचा बंदोबस्त आणि चिकित्सा. दुष्टपणाचा विचार शिक्षण व औषध यांच्या मधोमध बसविलेला आहे. हा क्रम केवळ छंदाच्या सोयीनें आला, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. घोड्याची खोड अर्धी शिक्षणांत व अर्धी देहांत असते, हें ज्यानें पागा पाहिली आहे त्याला सांगावें लागत नाहीं.

हा प्रश्न आज निघतो तो मुंबई-पुण्याच्या शर्यतीच्या घोड्यांमुळें. महालक्ष्मीचें मैदान १८८३ पासूनचें. त्यापूर्वीं शर्यती भायखळ्यास होत. त्या काळीं इराणी आखातांतून जहाजानें येणारा अरबी घोडा मुंबईस धावे आणि तोच पुढें स्वारी-शिकारीच्या कामीं येई. आतां धावतो तो इंग्रजी ‘थरोब्रेड’. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं तो मैदानांत उतरतो आणि पुष्कळदां ऐन तारुण्यांतच तेथून बाहेर पडतो. पुढें पंधरा-वीस वर्षांचें आयुष्य उरलेलें असतें. मग तो एखाद्या हौशी माणसाच्या दारीं येतो, पहिल्याच आठवड्यांत पाठ उचलून स्वाराला फेंकतो किंवा लगाम न जुमानतां उधळतो. लागलीच त्याच्यावर ‘खोडकर’ असा शिक्का बसतो. त्या शिक्क्यानें घोड्याची किंमत जाते, आणि कधीं कधीं जीवहि.

वास्तविक तो आपला जुना धडाच म्हणून दाखवीत असतो. शर्यतींत जॉकी आंखूड रिकिबींवर उभा राहून पाठीवरचा भार काढून घेतो. लगाम ताणला कीं घोडा त्यावर तोंड टेंकून अधिकच जोरानें धावतो. अशा घोड्यावर जड खोगीर घालून कोणी धपकन् बसला, टांचा दाबल्या आणि भीतीनें दोन्ही लगाम ओढून धरले, तर घोड्यानें काय समजावें? त्यांत हरभऱ्याची चंदी पूर्वींचीच, आणि काम मात्र अर्ध्या तासाचें! ‘घोडा कां अडला, भाकरी कां करपली’ या लहानपणच्या कोड्याचें उत्तर घरोघर ठाऊक आहे. न फिरविलेला घोडा केवळ अडतच नाहीं, उधळतोहि.

शिवकालीन पागेंत दर पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद असे, असें सभासद लिहितो. पावसाळ्यांत फौज छावणीस येई व दसऱ्यास बाहेर पडे. चार महिने दाणावैरण खाऊन उभा असलेला घोडा त्या दिवशीं उसळ्या मारीतच निघाला असला पाहिजे. त्याला ताळ्यावर आणण्याचें काम चाबुकस्वाराचें. नांवांत चाबूक असला तरी त्याचें खरें साधन दोरी: तो घोड्याला ‘कावा’ देई, म्हणजे लांब दोरीवर वर्तुळांत फिरवी. आम्हीं ‘गनिमी कावा’ लक्षांत ठेवला आणि घोड्याचा विसरलों! ग्रीक सेनानी झेनोफन यानेंहि ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत हेंच सांगितलें आहे: तापट घोड्याला हिसका देऊं नये, शांतपणें लांबचा पल्ला चालवावा आणि रागानें त्याच्याजवळ जाऊं नये.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला घोडदळाचें ओझें ठाऊक आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चापायीं निजामानें १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. तेव्हां मोताळा-धामणगांव बढ्याकडील काळ्या रानाचा सारा स्वारांच्या पगारासाठीं तारण पडला. त्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत होती, म्हणजे घोडा स्वाराच्या मालकीचा. घोडा बिघडला तर नुकसान त्याच्या घरचें. मारून मोडण्यापेक्षां समजावून चालविणें हा त्याच्या दृष्टीनें निव्वळ हिशेब होता.

नव्या धन्यानेंहि तोच हिशेब मांडावा. प्रथम कांहीं आठवडे घोड्याला कुरणांत मोकळा सोडावा, चंदी कमी करून वैरण वाढवावी. दांत, पाय, पाठ आणि खोगीर हीं पशुवैद्याकडून व जाणत्याकडून तपासून घ्यावीं; पाठ दुखत असतां घोडा ती उचलणारच. मग कावा, मग पायचाल, मग दुडकी. चौखूर सर्वांत शेवटीं. उसळी मारण्यापूर्वीं तो डोकें खालीं घालतो. तें वेळीं वर ठेवून त्याला पुढें चालतें करावें. उधळलाच तर दोन्ही लगाम एकसारखे ताणून धरूं नयेत. घ्यावें, सोडावें, आणि जागा मोकळी असल्यास हळूहळू मोठ्या वर्तुळांत वळवावें. भर वेगांत एकदम वळविल्यास घोडा व स्वार दोघेहि पडतात. एवढें साधलें तरी मागून दुसरा घोडा धांवत आला कीं त्याच्या अंगांत मैदान संचरतें. म्हणून निदान पहिलें वर्षभर त्याला घोड्यांच्या घोळक्यांत भरधाव सोडूं नये. सोबतीस एखादा म्हातारा, थंड डोक्याचा घोडा मात्र अवश्य द्यावा.